सूनबाई कामावर केव्हां जाणार?

कुटुंबांतील प्रश्नांचे दोन प्रकार असतात. कांहीं प्रश्न घरांतलीं माणसें आपापसांत विचारतात, व त्यांचीं उत्तरें घरांतल्या घरांत मिळतात. दुसरे प्रश्न असे कीं, ते घरच्यांच्या आधीं बाहेरचींच माणसें विचारूं लागतात. "सूनबाई कामावर केव्हां जाणार?" हा प्रश्न दुसऱ्या जातीचा होय. आमच्या नातीचें बारसें झालें त्याच दिवशीं तो आम्हांस तिघांनीं विचारला. आणि विचारणाऱ्या प्रत्येकाजवळ त्याचें उत्तरही तयार होतें. एकाचें म्हणणें, मिळेल तेवढी रजा घेऊन मुकाट्यानें रुजू व्हावें. खासगी जागा ती, गेली कीं गेली. शेजारच्या काकूंचें म्हणणें, मूल निदान तीन वर्षांचें होईपर्यंत आईनें उंबरठा ओलांडूं नये. तिसरे गृहस्थ वयानें वडील, ते म्हणाले, "घरांत दोन दोन पगार हवेत कशाला?" ज्या व्यक्तीस कामावर जावयाचें होतें ती आंतल्या खोलींत मुलीस पाजीत बसली होती. तिला मात्र कोणीं कांहीं विचारलें नाहीं.

प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु त्यांत आईचें, मुलाचें आणि घराचें अशीं तीन हितें गुंतलेलीं असतात, व तीं तिन्ही एकाच दिवशीं एका ठिकाणीं क्वचितच भेटतात. लग्नमुंजीचा मुहूर्त पंचांगावरून काढतां येतो, तसा हा काढतां येत नाहीं. गेल्या वर्षीं आमच्या घरांत हा विचार चार-पांच महिने चालला होता. त्या निमित्तानें जें वाचलें, ऐकलें व डोळ्यांपुढें घडलें, तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटलें. कारण आज हा प्रश्न ज्या घरीं नाहीं तेथें तो उद्यां येणार आहे.

प्रथम आमच्या ठिकाणाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण ह्या प्रश्नाचें निम्में उत्तर भूगोलांत असतें. खडवली हें मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरील, टिटवाळा व वासिंद ह्यांच्या मधलें, भातसा नदीच्या कांठचें गांव. मुंबई येथून सुमारें सत्तर किलोमीटर. टिटवाळ्यापर्यंत येऊन तेथूनच परत फिरणाऱ्या गाड्या आम्हांस नुसत्या ऐकूनच ठाऊक; आमच्या उपयोगाच्या त्या कसारा किंवा आसनगांव येथून येणाऱ्या, आणि त्या मोजक्या. सकाळच्या वेळीं फलाटावर उभें राहिलें कीं आमच्या जुन्या विद्यार्थिनी हटकून भेटतात. कोणी बँकेंत आहे, कोणी रुग्णालयांत परिचारिका आहे, कोणी शिक्षिका, कोणी संगणकाच्या कचेरींत. ज्यांना आम्हीं एके काळीं रामरक्षा आणि शब्दरूपें पाठ करावयास लावलीं, त्या आतां दीड-पावणेदोन तास गाडींत उभ्या राहून मुंबई गांठतात व तितकाच वेळ उभ्यानें परत येतात. आमची सूनबाई त्यांतलीच एक. सकाळीं सातला निघालेली ती रात्रीं आठला घरीं पोंचते. आठ तासांची नोकरी अशा रीतीनें तेरा तासांची होते. कायदा आठ तासांचा हिशेब करतो. तान्हें मूल तेरा तासांचा करतें.

आतां मर्यादांचा विचार करूं. पहिली मर्यादा आईच्या शरीराची. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत सूतिकेचे आहारविहाराचे नियम सांगून ते दीड महिना पाळावेत असें म्हटलें आहे; तेवढ्या अवधीनंतर तिची 'सूतिका' ही संज्ञा संपते. आमच्या आजीच्या पिढीनें तोच नियम 'सव्वा महिना' म्हणून पाळला. शेक, धुरी, कानाला बांधलेला रुमाल, अळिवाचे व डिंकाचे लाडू हा सारा प्रपंच त्या सव्वा महिन्याचा. आजचे डॉक्टरही प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनीं बाळंतिणीस तपासणीसाठीं बोलावतात. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली, तिनेंही प्रसूतीनंतरचे सहा आठवडे स्त्रीस कामाला लावूं नये असेंच ठरविलें. आयुर्वेद, आजी, डॉक्टर आणि मजूर परिषद ह्या चौघांचें एकमत होण्याचे प्रसंग फार थोडे. म्हणून ही मर्यादा निर्विवाद समजावी. दीड महिन्याच्या आंत कामाचें नांव काढूं नये.

आपल्याकडे ह्या बाबतींत पहिलें पाऊल मुंबई इलाख्यानें टाकलें, ही गोष्ट महाराष्ट्रांतील घरांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १९२९ सालचा मुंबईचा प्रसूतिलाभाचा कायदा हा हिंदुस्थानांतील त्या प्रकारचा पहिला कायदा. कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रीस बाळंतपणाच्या दिवसांत रोज आठ आणे मिळावेत, अशी त्यांत तजवीज होती. ह्या विधेयकावर १९२८ सालच्या जुलै महिन्यांत मुंबईच्या कायदेमंडळांत डॉ. आंबेडकर बोलले. प्रसूतीच्या आगेमागें आईस विसांवा मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, आणि म्हणूनच त्याचा भार मुख्यत्वें सरकारनें उचलला पाहिजे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. ह्या युक्तिवादांतील मर्म आम्हांस फार मोलाचें वाटतें. लाभ ज्याचा, भार त्याचा. राष्ट्रालाच जर मुलाचा लाभ आहे, तर ज्या घराचें तें मूल, त्या घराला किती आहे! मग भार उचलतांना घरानें एकट्या आईकडेच बोट कां दाखवावें?

दुसरी मर्यादा मुलाच्या आहाराची. आश्वलायन गृह्यसूत्रांत अन्नप्राशन सहाव्या महिन्यांत सांगितलें आहे. त्यालाच आपण उष्टावण म्हणतों. जागतिक आरोग्य संघटनेचा आजचा उपदेशही हाच आहे कीं, पहिले सहा महिने मुलास केवळ आईचें दूध द्यावें, पाणीसुद्धां देऊं नये. त्यानंतर वरचें अन्न सुरू करून दूध दोन वर्षांपर्यंत किंवा अधिकही चालू ठेवावें. आपला कायदा ह्या मर्यादेपर्यंत पोंचण्यास बराच काळ लागला. १९६१ च्या केंद्रीय कायद्यानें बारा आठवड्यांची भरपगारी रजा दिली होती. २०१७ च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांच्या वेळीं ती सव्वीस आठवड्यांची झाली, आणि पुढें २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंतही हीच मुदत कायम राहिली. सव्वीस आठवडे म्हणजे १८२ दिवस, म्हणजेच सहा महिने. गृह्यसूत्रकार आणि कायदेपंडित असे एकाच अंकावर आले, हें पाहून आमच्यासारख्या संस्कृतच्या शिक्षकास थोडें कौतुक वाटलें, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु ह्या सव्वीस आठवड्यांत एक मेख आहे. त्यांपैकीं आठ आठवड्यांपर्यंतची रजा प्रसूतीपूर्वीं घेतां येते. आणि ज्या स्त्रीला ती घ्यावी लागते तिच्या वांट्यास प्रसूतीनंतर अठराच आठवडे उरतात. म्हणजे उष्टावणाला जवळजवळ दोन महिने असतांनाच तिची रजा संपते. सूनबाईच्या बाबतींत थोडेंफार असेंच झालें. आठव्या महिन्यांत रक्तदाब वाढला, डॉक्टरांनीं गाडीचा प्रवास बंद करावयास सांगितला, आणि पांच आठवडे प्रसूतीच्या आधींच खर्ची पडले. राहिले एकवीस. मुलगी पांच महिन्यांचीही पुरती होणार नव्हती, आणि तिनें आईच्या दुधाशिवाय कांहीं तोंडांत घेतलेलें नव्हतें.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. हा सारा विचार पगार आणि रजा ज्यांना आहे त्यांचा. आमच्या ठाणे जिल्ह्यांत पावसाळा संपला कीं वीटभट्ट्या सुरू होतात व तेथें कातकरी कुटुंबें कामास येतात. झाडाच्या फांदीला बांधलेल्या झोळींत मूल आणि दहा पावलांवर चिखल मळणारी आई, हें दृश्य पाहण्यास फार दूर जावें लागत नाहीं. त्या आईला सव्वीस आठवडेही नाहींत आणि सव्वा महिनाही नाहीं. २०१७ पासून प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेंत पहिल्या अपत्याच्या वेळीं पांच हजार रुपये मिळतात. तेवढ्यांत किती दिवसांची मजुरी भरून निघते, याचा हिशेब वाचकांनींच करावा. आपला प्रश्न 'केव्हां' असा विचारतां येतो, हेंच आपलें भाग्य.

कामावर परतणाऱ्या आईची गोष्ट निघाली कीं अलीकडील एक उदाहरण सर्वांस आठवतें. नाशिक जिल्ह्यांतील देवळालीच्या आमदार सरोज अहिरे ह्या २०२२ सालच्या डिसेंबरांत नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनास आल्या, तेव्हां त्यांच्या कडेवर अडीच महिन्यांचें मूल होतें. कोरोनामुळें नागपुरास बऱ्याच काळानें अधिवेशन भरत होतें; मतदारांचे प्रश्न मांडावयास आलें पाहिजे, आणि तान्ह्या मुलास मागें ठेवतां येत नाहीं, अशी त्यांची अडचण. सर्व पक्षांच्या लोकांनीं कौतुक केलें, वृत्तपत्रांनीं छायाचित्रें छापलीं, आणि त्यांच्यासाठीं 'हिरकणी कक्ष' उघडण्यांत आला. पुढें २०२३ च्या अधिवेशनांत मुंबईस त्या मूल घेऊन आल्या, तेव्हां तेथील कक्षाची अवस्था मुलास ठेवण्यासारखी नाहीं, अशी तक्रार त्यांना करावी लागली. टाळ्या वाजविणें सोपें असतें. खोली झाडून ठेवणें कठीण असतें. जें विधानभवनांत घडतें तेंच लहान प्रमाणांत घरोघर घडत असतें.

त्या कक्षाला जिचें नांव दिलें ती रायगडची हिरकणी सर्वांस ठाऊक आहे. दूध विकावयास गडावर गेली, सायंकाळीं दरवाजे बंद झाले, घरीं तान्हें मूल, म्हणून ती अंधारांत कडा उतरून गेली, आणि महाराजांनीं तेथें बुरूज बांधविला, अशी ती कथा. आपण तिचें साहस मुलांना सांगतों, आणि तें योग्यच आहे. पण ह्या कथेंत आम्हांस अलीकडे दुसरीही एक गोष्ट दिसूं लागली आहे. दरवाजे वेळेवर बंद झाले ह्यांत पहारेकऱ्याचा दोष नव्हता. नियम नियमाप्रमाणें चालला. आणि सगळे नियम आपापल्या जागीं बरोबर असतांना कडा उतरण्याचें काम तेवढें आईच्या वांट्यास आलें. कचेरीचा नियम बरोबर, गाडीची वेळ बरोबर, सासरची रीत बरोबर. मग खडवलीच्या सुनेनें रोज कोठून उतरावें?

सूनबाईनें कचेरीस पत्र लिहिलें. कचेरीचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं. पहिलें उत्तर आलें तें एका ओळीचें: अमुक तारखेस हजर व्हावें. पन्नास किंवा अधिक माणसें जेथें काम करतात तेथें पाळणाघराची सोय असली पाहिजे, आणि आईला दिवसांतून चार वेळां मुलाजवळ जाऊं दिलें पाहिजे, असें २०१७ च्या दुरुस्तीनें ठरविलें. त्याविषयीं विचारणा केली तेव्हां, अशी सोय कचेरीपासून जवळच एका ठिकाणीं आहे, असें कळलें. सोय असेलही, पण पांच महिन्यांच्या मुलीस सकाळच्या कसारा लोकलमधून मुंबईस नेणार कोण? मूल घरीं खडवलीस, पाळणाघर मुंबईस, आणि मध्यें सत्तर किलोमीटर! चार वेळां भेटण्याची सवलत कागदावर सुंदर दिसते. तीच कल्याणच्या पुढें राहणाऱ्या आईला वाकुल्या दाखविते. त्याच कायद्यांत आणखी एक कलम आहे. काम घरून करण्यासारखें असेल, तर रजेनंतर कांहीं काळ उभयपक्षीं ठरवून तसें करतां येतें. सूनबाईनें त्यावर बोट ठेवलें. दोन पत्रें आणखी झालीं. आणि आठवड्यांतून दोन दिवस घरून काम, असें चार महिन्यांपुरतें ठरलें. मागितल्याशिवाय ही सवलत मिळाली नसती, एवढें वाचक भगिनींनीं ध्यानांत घ्यावें.

आतां नोकरी सोडण्याचा पक्ष. तो आमच्या घरांतही निघाला. त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. मूल एकदांच लहान असतें. परंतु 'तूर्त सोडूं, पुढें पाहूं' ह्या वाक्यांतील 'पुढें' किती लांब जातें तें आम्हीं शिक्षक या नात्यानें पाहिलें आहे. वर्गांत पहिल्या येणाऱ्या मुली, ज्यांच्या उत्तरपत्रिका आम्ही इतरांस वाचून दाखवीत असूं, त्या दहा वर्षांनीं बाजारांत भेटतात आणि सांगतात, "सर, तेव्हां सोडली ती सोडलीच." ज्यांनीं मनापासून सोडली त्यांच्याविषयीं आमचें कांहीं म्हणणें नाहीं, घर चालविणें हें हलकें काम नव्हे. पण पुष्कळींनीं ती सोडली नव्हती, ती त्यांच्या हातून निसटली होती. कारण त्या आठवड्यांत मुलाला घेणारें दुसरें कोणी नव्हतें. अशा सोडण्याला निर्णय हें नांव देतां येत नाहीं.

चर्चा अशी फिरत असतां एके संध्याकाळीं आमचें कुटुंब तांदूळ निवडीत बसलें होतें. तिनेंही जिल्हा परिषदेच्या शाळेंत बत्तीस वर्षें शिकविलें आहे. तिच्या वेळीं रजा नव्वद दिवसांची; चौथ्या महिन्यांत ती शाळेंत हजर झाली, आणि घरीं आमची आई होती. ती म्हणाली, "अहो, जो येतो तो हिला विचारतो, केव्हां जाणार? ती गेल्यावर आपण काय करणार, तें कोणी बोलत नाहीं. सकाळीं अकराला मूल रडलें तर उठून घेणार कोण? मी घेईन, पण माझे गुडघे आतां सासूबाईंच्या त्या वेळच्या गुडघ्यांपेक्षां जुने आहेत."

ह्या बोलण्यानें प्रश्नाचें तोंडच फिरलें. आम्ही कागद घेतला व शाळेच्या वेळापत्रकासारखे रकाने आंखले: सकाळीं सात ते रात्रीं आठ. प्रत्येक तासापुढें नांव लिहावयाचें. 'सर्वजण' हा शब्द चालणार नाहीं, कारण सर्वांचें काम तें कोणाचेंच नसतें, हें तीस वर्षांच्या शाळेंत आम्ही शिकलों आहों. कागद भरावयास घेतला आणि दिसून आलें कीं, सकाळीं आठ ते दुपारीं एक ह्या पांच तासांपुढें खात्रीचें एकही नांव नाहीं. कुटुंबाचे गुडघे, आमच्या सकाळच्या संस्कृतच्या शिकवण्या, चिरंजीवांची ठाण्याची नोकरी. सूनबाईची तारीख अडली होती ती ह्या पांच रिकाम्या रकान्यांवर.

त्यांसाठीं गांवांतील एक बाई पाहिली. स्वच्छ, शांत स्वभावाची, मुलांची हौस असलेली. जुन्या वैद्यकांत धात्रीची परीक्षा मोठ्या बारकाईनें सांगितली आहे: ती निरोगी असावी, वत्सल असावी, मध्यम वयाची असावी, तिचें स्वतःचें मूल जिवंत असावें. भुकेल्या, शोकानें व्याकुळ किंवा थकलेल्या स्त्रीनें मुलास पाजूं नये, असेंही सुश्रुतानें बजावलें आहे. आम्ही हें सर्व सूनबाईस उत्साहानें सांगत होतों. तिनें ऐकून घेतलें आणि विचारलें, "बाबा, त्या बाईंचं मूल चौदा महिन्यांचं आहे. त्या आपल्याकडे असतांना तें कोणापाशीं राहणार?" ग्रंथांत ह्या प्रश्नाचें उत्तर नाहीं. धात्रीचें मूल जिवंत असावें एवढें ग्रंथकारांनीं पाहिलें. तें दिवसभर कोणाजवळ असावें हें पाहिलें नाहीं. संस्कृतांत 'धात्री' ह्या शब्दाचे अर्थ दाई, आई आणि पृथ्वी असे आहेत. एकीला आई होतां यावें म्हणून दुसरीचें आईपण घरीं ठेवून यावयास सांगणें त्या शब्दाला शोभत नाहीं. शेवटीं त्या बाईंनीं आपल्या मुलास बरोबर घेऊन यावें, असें ठरलें. ओटीवर दोन चटया पडल्या. आमच्या कांहीं आप्तांस हें रुचलें नाहीं. पण वेळापत्रकांतले रकाने आप्तांनीं भरलेले नव्हते.

मग तारखेचा हिशेब सोपा झाला. एकवीस आठवड्यांना सूनबाईनें आपली सांठलेली रजा पांच आठवड्यांची जोडली. सगळी जोडली नाहीं. मूल पहिल्या वर्षांत आजारी पडतेंच, त्यासाठीं कांहीं शिल्लक ठेवली. सहाव्या महिन्याच्या अखेरीस उष्टावण झालें. केंद्र सरकारच्या नोकरांस बाप झाल्यावर पंधरा दिवसांची रजा मिळते. आमचे चिरंजीव खासगी नोकरींत, त्यांना तशी सोय नव्हती. त्यांनीं आपली हक्काची दोन आठवड्यांची रजा प्रसूतीच्या वेळीं न घेतां राखून ठेवली होती, ती सूनबाई रुजू झाली त्या दिवसापासून घेतली. ही युक्ति आम्ही सर्व तरुण बापांस सुचवितों. प्रसूतीच्या वेळीं माहेर असतें, आत्या असतात, मावश्या असतात. आई कामावर जाते त्या आठवड्यांत बहुधा कोणीच नसतें.

रुजू होण्याच्या आधीं तीन आठवडे तालीम केली. ती बाई रोज दोन तास येऊं लागल्या. कारण आठव्या-नवव्या महिन्यांत मूल परकीं माणसें ओळखून रडूं लागतें, त्यापूर्वींच तोंडओळख व्हावी. सूनबाई पहिल्या दिवशीं स्टेशनपर्यंत जाऊन परत आली, दुसऱ्या दिवशीं कल्याणपर्यंत. काढून ठेवलेलें दूध शीतकपाटांत चार दिवसांपर्यंत टिकतें, पण बाहेर चार तासांपलीकडे ठेवूं नये, असें डॉक्टरांनीं सांगितलें होतें. आमच्याकडे वीज जाते, म्हणून बाटल्यांवर वेळ लिहिण्याचें काम आम्ही पत्करलें. शिकवण्या संध्याकाळवर नेल्या. नाचणीची खीर गांठी न होऊं देतां कशी घोटावी, आणि ओलें दुपटें एका हातानें कसें बदलावें, ह्या दोन विद्यांत आमची आतां बरी गति आहे. रुजू होण्याचा वार मुद्दाम गुरुवार धरला, म्हणजे दोनच दिवसांनीं सुटी येते. सोमवारीं रुजू झालेल्या आईस पहिला आठवडा संपतां संपत नाहीं.

सर्व सुरळीत झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. तिसऱ्याच आठवड्यांत मुलीस ताप आला आणि राखलेल्या रजेंतून चार दिवस गेले. एकदां पावसांत गाड्या खोळंबल्या व सूनबाई रात्रीं अकराला पोंचली. आणि एके दिवशीं ती घरीं आली तेव्हां मुलगी त्या बाईंच्या कडेवर होती. आईनें हात पुढें केले. मुलीनें तोंड फिरवून बाईंच्या खांद्यांत लपविलें. क्षणभराचाच प्रकार, मग ती झेपावलीच. पण सूनबाई त्या रात्रीं जेवतांना कांहीं बोलली नाहीं. आमच्या कुटुंबानें तिच्या पानांत भात वाढतां वाढतां एवढेंच सांगितलें, "तुझा नवराही एकदां मला सोडून सासूबाईंकडे असाच गेला होता. दोन माणसें आपलीं वाटलीं म्हणून पोर कमी आपली होत नाहीं." सूनबाईनें मान हालविली. तिचें समाधान झालें कीं नाहीं हें आम्हांस सांगतां येणार नाहीं. ताटांतला भात मात्र तिनें संपविला.

तेव्हां ज्या घरीं हा प्रश्न आज उभा असेल, त्यांनीं आमचें ऐकावयाचें झाल्यास हा क्रम धरावा. दीड महिना आईच्या शरीराचा. त्यांत तडजोड नाहीं. सहा महिने मुलाच्या दुधाचे. ते होतां होईल तों सांभाळावेत, आणि रजा कमी पडत असेल तर ती कोठून जोडतां येईल हें प्रसूतीच्या आधींच पाहून ठेवावें. तिसरी मर्यादा घराच्या तयारीची. तिला अंक नाहीं. ती कोणास पांचव्या महिन्यांत साधेल, कोणास दहाव्या, कोणास दीड वर्षानें. घरांतील वडील माणसांनीं कागद घ्यावा, रकाने आंखावेत आणि प्रत्येक तासापुढें एक नांव लिहावें. त्यांत बापाचें नांव असावें, आजोबांचेंही असावें, आणि आजीचें नांव तिला विचारून लिहावें. नेमलेल्या बाईचें नांव लिहिलें, तर तिच्या मुलाचें काय तेंही त्याच कागदावर लिहावें. कागद भरला कीं तारीख आपोआप निघते, आणि मग ती सुनेच्या हातीं द्यावी. जावें कीं थांबावें हें तिनें ठरवावें. रकाने रिकामे ठेवून तिला तारीख विचारणें हा मात्र विचारणाऱ्यांचा अन्याय होय.

सध्यां आमच्याकडे सकाळीं नऊच्या रकान्यांत आमचें नांव आहे. नात चालावयास लागली आहे. त्या बाईंचा मुलगा तिच्या पुढें धांवतो व ती त्याच्या मागें. घरून काम करण्याची चार महिन्यांची मुदत संपत आली आहे, आणि सूनबाईनें ती वाढवून मिळण्यासाठीं पुन्हां पत्र लिहिलें आहे. उत्तर यावयाचें आहे.